बांधावर कासवानं अंडी घातली तर काय करायचं? उन्हाळा, अवकाळी आणि रोटावेटर यांतून घरटं कसं वाचवायचं

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. अंडी उकरायची नाहीत, घरी आणायची नाहीत आणि पाण्यात तर अजिबात टाकायची नाहीत. कासव पाण्यातलं म्हणून अंडीही पाण्यातच हवीत असं लोकांना मनापासून वाटतं, पण अंड्याच्या टरफलातून हवा आत जावी लागते, पाण्यात ठेवलं की आतला जीव गुदमरतो. आपण सांभाळायची ती जागा, अंडी नाही.

आमच्याकडे विहिरीजवळच्या बांधावर मी एकदा मादीला अंडी घालताना पाहिलंय. पाऊस होऊन गेला होता, माती ओली होती आणि ती मागचे दोन पाय आळीपाळीनं वापरून माती बाहेर काढत होती, एक पाय आत, मूठभर माती वर, मग दुसरा. एकदाही मान वळवून मागं बघितलं नाही तिनं. वीतभर खोल खड्डा झाला, पांढरी गोल अंडी पडली, मोठ्या गोटीएवढी, मग माती ओढून पायांनीच दाबून टाकली आणि ती ओढ्याकडे गेली. पाच मिनिटांनी तिथं काही घडलंय हे ओळखू आलं नसतं. म्हणून असं दिसलं तर लांब उभं राहायचं, मोबाईलचा फ्लॅश मारायचा नाही आणि ती गेल्यावर जागेपासून हातभर लांब चार खुंट्या ठोकायच्या, तारीख वहीत लिहायची.

ही गोल अंडी म्हणजे मऊ पाठीचं फ्लॅपशेल, आपल्या विहिरी, ओढे, भातखाचरांत सगळ्यात जास्त दिसणारं. कडक पाठीच्या काळ्या तळ्यातल्या कासवाची अंडी लांबट असतात. फ्लॅपशेलचा हिशोब वेगळा आहे हं, त्याची अंडी कित्येक महिने मातीत राहतात, आतली वाढ मध्ये थांबते आणि पिल्लं बऱ्याचदा पुढच्या पावसाच्या सुमाराला बाहेर येतात. म्हणजे तुम्ही खुंट्या ठोकल्या तर त्या पूर्ण उन्हाळा टिकायला हव्यात, आणि तेवढ्यात नांगरट होते, रोटावेटर फिरतो, पाचट पेटवतात. आमच्या शेजारच्या शेतात एक घरटं असंच गेलं, ट्रॅक्टरवाल्याला कोणी सांगितलंच नव्हतं, टरफलं मातीत विखुरलेली बघून फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी खुंट्यांना लाल कापड बांधतो आणि ट्रॅक्टरवाल्याला स्वतः नेऊन जागा दाखवतो.

आता उन्हाचं. बऱ्याच कडक पाठीच्या कासवांमध्ये पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याभोवतीच्या मातीच्या तापमानावर ठरतं, तेही अंडी उबण्याच्या साधारण मधल्या काळात. मत्स्यालयात विकतात ते लाल कानाचं स्लायडर (कृपा करून ते तळ्यात सोडू नका, ते आपल्या कासवांच्या जागा बळकावतं) त्याच्यात 26 अंशाला नर आणि 31 ला माद्या होतात, इतका थोडा फरक पुरतो. उन्हाळे तापत गेले तर माद्याच माद्या होणार ही भीती तिथून येते. मऊ पाठीच्या कुळात मात्र ज्या जातींचा अभ्यास झालाय त्यांच्यात लिंग जनुकांवर ठरतं, त्यामुळे फ्लॅपशेलची काळजी वेगळी, माती फार काळ तापली तर अंडीच आत मरतात. काळ्या मातीत तर भेगा पडतात आणि गरम हवा थेट खाली जाते. म्हणून भेग घरट्यापाशी आली तर सुटी माती टाकून बुजवायची, वरून पाणी ओतायचं नाही. एप्रिल मेमध्ये फक्त पश्चिमेच्या बाजूनं तुराट्यांचा आडोसा करायचा, दुपारचं ऊन अडेल एवढाच. दिवसभर सावली करू नका, थंड मातीत वाढ मंदावते. थर्मामीटर लावायचा असेल तर घरट्याच्या शेजारी, त्याच खोलीवर, घरट्यात कधीच नाही.

अवकाळी आलं की उलटा धोका, पाणी साचतं आणि अंडी बुडतात. दोन फुटांवरून छोटा चर काढून पाणी उताराला लावून द्यायचं, बस. प्लॅस्टिकचा कागद टाकायचा मोह होतो पण त्यानं हवा बंद होते आणि खाली भट्टी होते.

कुत्री, मुंगूस, घोरपड यांच्यासाठी तारेची जाळी उलट्या टोपलीसारखी ठेवून कडा वीतभर मातीत पुरायच्या. पावसाळा जवळ आला की खालून पिल्लू निघेल एवढी फट ठेवायला विसरू नका, नाहीतर पिल्लं आतच अडकतात.

नदीकाठी राहत असाल तर काम अजून अवघड. गोदावरी, कृष्णेच्या पात्रात लेथचं सॉफ्टशेल नावाचं मऊ पाठीचं कासव आहे, 2022 मध्ये भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वात कडक बंदी आली. पण व्यापार थांबला तरी वाळूच उपसली तर त्यानं अंडी घालायची कुठं? धरणातून अचानक पाणी सुटलं की खालचा वाळूचा पट्टा बुडतो, आणि घाट, सिमेंटच्या भिंती झाल्या की चढायला जागाच राहत नाही. अशा ठिकाणी घरटं दिसलं तर स्वतः हलवू नका. अंडी दिवसभरात आतून जागच्या जागी बसतात, नंतर उलटली की पिल्लू मरतं. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, घरटं उकरणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. वनविभागाच्या हॅलो फॉरेस्टला 1926 वर फोन करा, हलवायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या.

आणि शेततळं असेल तर एक काम आजच करा. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात कासव पडलं की त्याला वर चढता येत नाही, अंडी घालायला बाहेर निघायचं तर दूरच. जुनी सुती जाळी किंवा गोणपाटाची लांब पट्टी काठाला घट्ट बांधून पाण्यात सोडा, दोन कोपऱ्यांत दोन. आणि वरच्या काठाला थोडी मोकळी, भुसभुशीत माती तशीच राहू द्या.