बाइक ‘अपडेट’ झाली म्हणून घ्यावी का? ठरवायची माझी पद्धत

कंपनी चालू मॉडेलमध्ये बदल करते तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा एखादी जुनी तक्रार असते. आधी गाडी घेतलेले लोक दोन-तीन वर्षं एकच रड लावतात आणि ती कधीतरी कारखान्यापर्यंत पोहोचते. म्हणून ‘नवीन काय आलंय?’ हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. जुनीत काय दुखत होतं, ते आता थांबलं का, आणि मुळात ते तुम्हाला दुखणार होतं का, हे बघायचं. खाली लिहिलंय ते दीड ते अडीच लाखांच्या गाड्यांबद्दल आहे. बजेट, लायसन्स, हेल्मेट हे सगळं तुमचं झालेलं आहे असं धरतो.

आधी तक्रार शोधा

ब्रोशर बाजूला ठेवा आणि ती गाडी वर्षभर वापरलेल्या दोघा-तिघांना गाठा. त्यांना ‘कशी आहे?’ विचारू नका. सगळे ‘मस्त’ म्हणतात. ‘काय बदलून मिळालं असतं तर बरं झालं असतं?’ असं विचारा.

रॉयल एनफील्डची हंटर ३५० घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये आली तेव्हापासून बोंब एकच होती: मागचे शॉकअप कडक, खड्ड्यात कंबर मोडते. एप्रिल २०२५ च्या बदलात मागे प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग (भार वाढेल तशा कडक होणाऱ्या) आल्या, गाडीचं पोट जमिनीपासून १० मिमी वर गेलं, स्लिप-असिस्ट क्लच (दाबायला हलका, गिअर उतरवताना धक्का कमी) आला. इंजिनची ताकद जिथल्या तिथे, २० बीएचपीच्या आसपास. याला मी खरं अपडेट म्हणतो. ट्रायम्फ स्पीड ४०० ला २०२४ मध्ये जास्त उंच साइडवॉलचे (रिम ते रस्ता यांमधली टायरची बाजू) टायर, सीटमध्ये १० मिमी जादा फोम आणि ॲडजस्ट होणारे लिव्हर मिळाले. तिथेही रोख आरामावरच. बजाजच्या पल्सर एनएस४००झेडची ताकद २०२५ मध्ये ४० वरून ४३ पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप) झाली. मला त्या तीन पीएसचं कौतुक नाही. त्याच वेळी आलेले सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून केलेले) ब्रेकपॅड आणि मागचा रुंद रेडियल टायर जास्त मोलाचे आहेत, कारण ते शहरात रोज उपयोगी पडतात.

याउलट २०२४ ची क्लासिक ३५०. एलईडी हेडलॅम्प, गिअर दाखवणारा आकडा, टाइप-सी चार्जिंग. छान आहे, पण चालवताना गाडी तीच. जुनी क्लासिक आवडली नसेल तर हीही आवडणार नाही.

रंग आणि स्टिकर यांवर वेळ घालवू नका.

टेस्ट राइड: सगळं इथे ठरतं

बहुतेक लोक इथेच फसतात आणि मलाही याची रीत बसायला बराच काळ गेला. शोरूमची टेस्ट राइड म्हणजे मुलगी बघायला गेल्यावरचे पोहे: सगळं नीटनेटकं, आणि त्यावरून संसाराचा काही अंदाज येत नाही. गुळगुळीत रस्ता, दोन किलोमीटर, मागे बसलेला सेल्समन कानात फीचर सांगतोय. अशा राइडवरून निर्णय घेणार असाल तर न घेतलेली बरी.

पहिली गोष्ट, टायरमधली हवा. शोरूममधून निघाल्यावर थेट पेट्रोल पंपावर जा आणि गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून घ्या. डेमो गाडीत हवा वाट्टेल तशी असते. जास्त असेल तर चांगला शॉकअपही दगडासारखा लागतो आणि कमी असेल तर वाईट शॉकअपही गादीसारखा भासतो. ‘नवीन सस्पेन्शन एकदम मुलायम झालंय’ असं सांगणाऱ्याला मी आधी हवेचं विचारतो. उत्तर कधीच येत नाही.

दुसरी, मागच्या स्प्रिंगची सेटिंग. हंटरला सहा खाचा आहेत. डेमो गाडी कुठल्या खाचेवर आहे ते वाकून बघा, कारण सर्वात मऊ खाचेवर एकटं बसून चालवलेली गाडी तुम्हाला काहीच सांगत नाही. मीटरवरचे किलोमीटरही बघा. अगदी कोऱ्या गाडीचं सस्पेन्शन जरा कडक लागतं, ते मोकळं व्हायला वेळ लागतो.

तिसरी, आणि हिच्यावर मी अडून बसतो: जुनं मॉडेल त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर चालवा. मित्राची, शेजाऱ्याची, सेकंडहँडवाल्याची, कुणाचीही चालेल. क्रम असा ठेवा: जुनी, नवी, परत जुनी. शेवटची फेरी टाळू नका. नव्यावर बसलं की उत्साहात सगळंच सुधारल्यासारखं वाटतं. पुन्हा जुन्यावर आलात की खरा फरक अंगाला कळतो. कधी कधी कळतच नाही, आणि मग उत्तर तुमच्यासमोरच असतं. महिनाभरापूर्वी कुणाची तरी चालवली होती, त्या आठवणीशी तुलना चालत नाही. शॉकअपची आठवण राहत नाही, फक्त मत राहतं.

रस्ता तुम्ही निवडा. मी जो फेरा घेतो त्यात सोसायटीबाहेरचा बेकायदेशीर उंच स्पीडब्रेकर, पेव्हर ब्लॉकचा उखडलेला तुकडा, एक चढ आणि एक लांब सिग्नल असतो. पुण्यात हे सगळं एका पेठेत मिळतं, तुमच्या गावातही मिळेल.

चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात: रोज जी व्यक्ती मागे बसणार आहे तिला घेऊन जा. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग सुरुवातीला मऊ दबते आणि जसजसा भार वाढतो तसतशी कडक होत जाते. त्यामुळे एकट्याला बारीक खड्डे कमी जाणवतात. खरा प्रश्न डबलसीट स्पीडब्रेकरवर सुटतो. मागचा शॉकअप तळाला जाऊन धक् असा आवाज येतो का? पोट घासतं का? १० मिमीचा फायदा इथे दिसला पाहिजे. आणि मागच्या सीटबद्दलचं मत मागे बसलेल्याचंच घ्या, तुमचं नको. बायकोने ‘ठीक आहे’ म्हटलं तर ते ‘नाही’ आहे हे वेगळं सांगायला नको.

क्लच थंड गाडीवर तपासू नका. पंधरा-वीस मिनिटं गर्दीत चालवा, इंजिन तापू द्या, मग दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून सरका. असिस्टमुळे लिव्हर दाबायला कमी जोर लागतो. डावी मनगटं दुखणाऱ्यांना हा बदल एकटाच पुरेसा आहे. त्याच क्लचमधल्या स्लिपरचं काम वेगळं: पटापट गिअर खाली टाकलेत तरी मागचं चाक उडत नाही. हे बघायला मोकळा रस्ता हवा, सिग्नलला नको. पाय भाजतोय का, तेही याच वेळी कळेल. टेस्ट राइड दुपारी घ्या म्हणतो ते यासाठीच.

एलईडी हेडलॅम्पसाठी मात्र संध्याकाळी परत जावं लागतं. शोरूमच्या भिंतीवर पडलेला पांढरा झोत बघून खूश होण्यात अर्थ नाही. अंधाऱ्या रस्त्यावर लो-बीम कुठे तुटतो आणि वळणावर कडेची माती दिसते का, हे बघा. घाटात नेहमी जाणाऱ्याने तर हे टाळूच नये. शोरूमवाला संध्याकाळी गाडी द्यायला कुरकुर करेल. करू दे.

उंच टायर आले असतील तर गाडीही किंचित उंच होते. स्पीड ४०० च्या मागच्या टायरचा व्यास साधारण ३० मिमी वाढला, म्हणजे चाकाचा मधला आस पंधराएक मिमी वर गेला, शिवाय फोम आहेच. पाय जेमतेम टेकत असतील तर उतारावर उभं राहून बघा.

राइड संपली की सेल्समनशी बोलण्याआधी मोबाइलमध्ये दोन ओळी लिहून ठेवा. चहा आला की मत बदलतं.

किंमत: ३५० सीसीची भिंत

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या एक्स-शोरूम (विमा, नोंदणी सोडून) किमती शेजारी ठेवून ‘अपडेट स्वस्तात दिलं’ किंवा ‘लुटलं’ म्हणू नका. तो फरक बहुतांशी कराचा असू शकतो. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि तिथेही हीच भिंत आहे. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरपत्रकात पाच वर्षांसाठी १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, ३५० च्या वरच्या गाड्यांना १५,११७, जीएसटी वेगळा. तुलना नेहमी ऑन-रोड (सगळं धरून हातातून जाणाऱ्या) आकड्यांची, लेखी कोटेशनवर.

सर्वात स्वस्त प्रकाराची किंमत दाखवून सर्वात महागाचे बदल सांगणं ही जुनी खोड आहे. हंटरच्या पायथ्याच्या प्रकारात एलईडी नाही आणि मागे ड्रम ब्रेक आहे. हवा असलेला बदल नेमका कुठल्या प्रकारात आहे, ते लिहून घ्या.

जुना स्टॉक घ्यावा का?

तक्रार तुमची नसेल तर खुशाल घ्या. एकटे फिरता, रस्ते बरे आहेत, क्लच जड लागत नाही, मग नव्यासाठी जादा पैसे कशाला? काही बदल पुढे करूनही घेता येतात: लिव्हर, ब्रेकपॅड, सीटचा फोम. क्लच किंवा इंजिनचा बदल मात्र जुन्या गाडीत बसवण्याच्या भानगडीत पडू नका. वेगळ्या मापाचे टायर टाकायचे तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारूनच. मडगार्डला घासणं आणि मीटरचा आकडा चुकणं, दोन्ही होतं.

सूट मागताना गाडी कधी बनली ते धरा. महिना आणि वर्ष फॉर्म २२ वर (गाडी नियमांत बसते असं कंपनीचं प्रमाणपत्र) असतं, पुढे आरसीवरही तेच चढतं आणि गाडी विकताना गिऱ्हाईक ते बघतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. महिनोन्महिने उभ्या गाडीची बॅटरी चार्ज करून नव्हे, नवीच मागा. बुकिंगची रक्कम देण्याआधी चेसिस नंबर लिहून घ्या आणि पासिंगला जाण्याआधी त्याच नंबरची गाडी समोर उभी आहे ना, ते बघा.