टेलिहँडलरने वरच्या मजल्यावर माल कसा चढवावा

साध्या फोर्कलिफ्टचा माल उभ्या मास्टवरून सरळ वर जातो. टेलिहँडलरची बूम, म्हणजे माल उचलणारा लांब हात, मागच्या बाजूला पिनवर बसवलेली असते आणि आतल्या बूम एकातून एक बाहेर सरकतात. म्हणून मधे खड्डा असला तरी पलीकडच्या स्लॅबवर विटांचं पॅलेट ठेवता येतं. बूमच्या टोकाचे, पॅलेटखाली जाणारे काटे काढून बकेट लावली की हीच मशीन वाळू भरते, शेतावर गवताचे गठ्ठे रचते.

आधी लोड चार्ट बघा. ‘ही चार टनाची मशीन आहे’ हे अर्धंच खरं. चार टन उचलते ती बूम आत असताना. पूर्ण पुढे काढल्यावर बऱ्याचदा टनभरही पेलत नाही. पुढची चाकं म्हणजे टेकू. माल त्यांच्यापासून जितका लांब जाईल, तितकी मागची चाकं हलकी होतात. बूमवर कोन दाखवणारा काटा असतो, आतली बूम बाहेर येते तशी तिच्यावर रंगवलेली अक्षरं दिसू लागतात. कोन आणि अक्षर चार्टवर जुळवायचं, की किती वजन चालेल ते कळतं. पॅलेटचं वजन अंदाजाने धरू नका.

मग जागा. वर विजेच्या तारा नाहीत ना, ते उतरून बघा. केबिनमधला पाण्याचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत मशीन समतल करा, आणि तेही बूम खाली असतानाच. वर गेलेला माल घेऊन चेसिस झुकवणं म्हणजे आपणहून आडवं होणं. स्टॅबिलायझर, म्हणजे पुढचे आधाराचे पाय, असतील तर जमिनीवर टेकवा. टेकू पुढे सरकतो आणि क्षमता वाढते. जमीन भुसभुशीत असेल तर पायांखाली जाड फळ्या हव्यातच.

काटे पॅलेटमध्ये पूर्ण आत घाला, थोडे मागे कलवा. माल नेताना तो जमिनीपासून फूटभरच वर ठेवा.

जागेवर पोचल्यावर आधी बूम वर, मग पुढे. काटे आपोआप समतल राहतात: बूमखालचा एक सिलिंडर बूम वर जाताना तेल काट्यांच्या सिलिंडरकडे ढकलतो. माल टेकला की काटे अलगद मोकळे करा.

नवशिका चुकतो तो परतताना, विशेषतः माल वर न ठेवताच खाली आणायचा असेल तेव्हा. लांब काढलेली बूम तशीच खाली घेतली तर माल खाली येता येता पुढेही जातो, आणि मगाशी चार्टात बसलेलं वजन आता बसत नाही. म्हणून उलटा क्रम: आधी बूम आत, मगच खाली. वजन झेपत नसल्याचा गजर वाजला तरी हात बूम आत घेणाऱ्या लिव्हरकडेच जायला हवा.