आवडती मालिका बंद पडली किंवा तिचा रिमेक आला, तर काय करावे

अर्धवट बंद पडलेल्या मालिकेबद्दल वाटणारा राग रास्त आहे. पहिल्याच भागात कथेने शेवटाचे वचन दिलेले असते आणि त्यावर विसंबून प्रेक्षकाने आपले कित्येक तास दिलेले असतात. मात्र हा राग कामी यावा असे वाटत असेल, तर तयारी मालिका सुरू असतानाच करावी लागते.

वाहिनी जाहिरातींवर चालते, म्हणून तिथे मालिका किती लोकांनी पाहिली हे मोजले जाते; स्ट्रीमिंगवर मात्र सुरुवात करणाऱ्यांपैकी किती जणांनी सीझन शेवटपर्यंत पाहिला आणि किती लवकर पाहिला, यालाही मोठे महत्त्व असते. त्यातच दर सीझनगणिक कलाकारांचे मानधन आणि निर्मितीचा खर्च वाढत जातो, त्यामुळे आधी परवडणारी मालिका तेवढाच प्रेक्षक असूनही पुढे परवडेनाशी होते. म्हणून नवा सीझन पहिल्या काही आठवड्यांत, अधिकृत ठिकाणी आणि पूर्ण पाहावा. ‘मालिका संपू दे, मग एकदम बघू’ ही एकदा फसगत झालेल्या माणसाची सावधगिरी मला समजते. परंतु असा विचार पुरेशा लोकांनी केला, तर ती मालिका संपेपर्यंत टिकतच नाही.

बंद झाल्याची बातमी आल्यावर सर्वांत आधी मालिकेचे हक्क कोणाकडे आहेत ते पाहावे. भागाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत निर्मितीसंस्थेचे नाव असते आणि पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते. ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने मे २०१८ मध्ये बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी एनबीसी या दुसऱ्या वाहिनीने घेतली. चाहत्यांचा गदारोळ मोठा होता हे खरे, पण मालिकेची निर्मितीसंस्था एनबीसीच्याच समूहातली होती, हेही तितकेच खरे. त्याच महिन्यात सायफाय वाहिनीने सोडलेली ‘द एक्स्पान्स’ निर्मात्यांना दुसरीकडे नेता आली आणि ॲमेझॉनवर तिचे आणखी तीन सीझन झाले. याउलट वाहिनी आणि निर्माता एकाच घरचे असतील, तर बाहेरचा ग्राहक मिळणे अवघड जाते. घाईही करावी लागते, कारण कलाकारांचे करार संपतात, सेट मोडले जातात आणि लेखक दुसऱ्या कामाला लागतात.

मागणी एकच, स्पष्ट आणि शक्य तेवढी लहान असावी. ‘सेन्स एट’ २०१७ मध्ये बंद झाली तेव्हा चाहत्यांच्या पाठपुराव्यामुळे पूर्ण सीझन मिळाला नाही, पण २०१८ मध्ये दोन तासांहून मोठा समारोपाचा भाग मिळाला. कथा पूर्ण होणे हेच आपले म्हणणे असेल, तर मागणीही तेवढीच करावी. मोहिमेची खूण मालिकेतूनच घ्यावी: ‘जेरिको’च्या चाहत्यांनी २००७ मध्ये तिच्यातल्या एका संवादावरून सीबीएस वाहिनीकडे वीस टनांहून अधिक शेंगदाणे पाठवले आणि सात भागांचा दुसरा सीझन मिळवला. पुढे पुरेसा प्रेक्षक न मिळाल्याने ती २००८ मध्ये पुन्हा बंद झाली. म्हणजे मोहीम जिंकल्यावर पाहण्याचे कामही चाहत्यांनाच करावे लागते. लेखक-कलाकारांना शिवीगाळ कदापि करू नये, कारण निर्णय बहुधा त्यांचा नसतो आणि तोटा मात्र त्यांचाही झालेला असतो.

आवडत्या मालिकेच्या डिस्क मिळत असतील तर विकत घ्याव्यात. ‘फायरफ्लाय’चे १४ पैकी ११ भागच २००२ मध्ये फॉक्सवर दाखवले गेले, तेही क्रम बदलून, पुढे डिस्कची विक्री इतकी चांगली झाली की २००५ मध्ये त्या कथेवर चित्रपट निघाला. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. स्ट्रीमिंगवर आज असलेली मालिका उद्या असेलच असे नाही. ‘वेस्टवर्ल्ड’ तर २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सवरून तिच्याच मालक कंपनीने काढून टाकली.

रिमेकचे कारण सरळ आहे: ओळखीच्या नावाची जाहिरात सोपी जाते आणि हक्क बऱ्याचदा आधीच हाताशी असतात. त्यामुळे प्रत्येक रिमेकवर चिडण्यापेक्षा मूळ कृतीत काय अपुरे राहिले होते, हा एक प्रश्न विचारावा. १९७८ ची ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ एका सीझननंतर थांबली होती. २००३ मध्ये तीच कल्पना नव्याने, अधिक गंभीरपणे मांडली गेली आणि २००९ पर्यंत चालली. २०१३ च्या ब्रिटिश ‘ब्रॉडचर्च’मध्ये असे काहीच अपुरे नव्हते, तरी पुढच्याच वर्षी त्याच भाषेत, मूळ मालिकेतल्या डेव्हिड टेनंट यांनाच प्रमुख भूमिकेत घेऊन अमेरिकेत ‘ग्रेसपॉइंट’ केली गेली आणि ती दहा भागांत आटोपली. माझ्या मते अनावश्यक रिमेकचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

निवाडा मात्र पहिल्या भागावरून करू नये. अमेरिकन ‘द ऑफिस’चा पहिला भाग ब्रिटिश मालिकेची बरीचशी नक्कल होता, तिला स्वतःचा सूर नंतर सापडला. दोन-तीन भाग द्यावेत आणि तरीही पटले नाही, तर पाहणे थांबवावे. नावे ठेवण्यासाठी पाहिलेला भागसुद्धा पाहिलेला म्हणूनच मोजला जातो. तोच वेळ मूळ मालिकेला द्यावा आणि ती अधिकृत ठिकाणी पाहावी, म्हणजे नोंद तिच्या नावावर होईल.