जुना गुन्हा आणि नवी नोकरी: अर्ज भरण्याआधी काय काय करून घ्यावं

दर भरतीला हे होतं. मैदान निघतं, लेखी निघते, आणि साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची आणि जुन्या गुन्ह्यांची माहिती लिहून द्यायचा फॉर्म, भरायची वेळ आली की एखादं पोरगं माझ्या टेबलाजवळ येऊन नुसतंच उभं राहतं. मी बीडमध्ये अभ्यासिका चालवतो. वकील नाही, पण या एका कामासाठी मुलांसोबत कोर्टाच्या पायऱ्या बऱ्याच वेळा चढलोय.

असाच गेवराईकडचा एक मुलगा आला होता. हातात प्लॅस्टिकची फाईल. वर दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मग जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, अधिवास. सगळ्यात खाली चार घड्या घातलेला जामिनाचा कागद, घडीवर फाटलेला. बांधावरून चुलत्याशी भांडण झालं होतं, दोन्ही घरांतले लोक ठाण्यात गेले, जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं 324, 323, 504, 506, म्हणजे हत्यारानं इजा, मारहाण, शिवीगाळ, धमकी. तेव्हा हा एकोणीस वर्षांचा. "सर, ह्ये तवाच मिटलंय. पंचांनी मिटवलं, एका पंगतीला जेवलो आम्ही."

गावात मिटलं होतं, कोर्टात नव्हतं. गावात मिटलं म्हणून यानं तारखांना जाणं सोडलं आणि त्याच्या नावानं वॉरंट निघून पडलं होतं. आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त घोळाचं मूळ इथंच असतं असं माझं मत झालंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. जुना गुन्हा खोडरबरानं पुसावा तसा पुसून देणारा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. "साहेबांना सांगून नाव काढून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. करता येतं ते एवढंच, की प्रकरण कायदेशीररीत्या शेवटाला न्यायचं, त्या शेवटाचा कागद मिळवायचा आणि फॉर्मवर खरं लिहायचं. एवढ्यावर पुष्कळांच्या नोकऱ्या लागल्यात.

पहिलं काम: प्रकरण नेमकं कुठं अडकलंय ते बघा

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपला जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावानं शोधता येतं. पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि वर्ष टाकूनही निघतं. नावानं सापडलं नाही तर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा, कारकुनानं कसं टंकलंय ते आपल्याला माहीत नसतं. प्रकरण सापडलं की त्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक लिहून ठेवा. पुढं प्रत्येक ठिकाणी तोच लागतो.

तिथं काहीच दिसत नसेल तर दोषारोपपत्र दाखलच झालेलं नसण्याची शक्यता असते. मग ठाण्यात जाऊन विचारा. तोंडी उत्तर मिळत नसेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज द्या, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

घाबरण्याआधी कागदावर काय लिहिलंय तेही वाचा. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढं, बहुधा तहसीलदारापुढं, घेतलेलं बंधपत्र. या दोन्हींत शिक्षा झालेली नसते. फॉर्ममध्ये विचारलं असेल तर लिहायचंच, पण "मी गुन्हेगार आहे" अशा समजुतीनं भरतीच सोडून देऊ नका. तशी सोडलेली मुलं मी पाहिलीत.

वॉरंट असेल तर ते आधी

वकिलामार्फत स्वतः कोर्टात हजर व्हा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. आपल्या पायांनी गेलेल्या माणसाकडं कोर्ट वेगळ्या नजरेनं बघतं. भरतीच्या आठवड्यात पोलीस घरी आले तर मात्र सगळंच अवघड होऊन बसतं.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना तिथून मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं तर 15100.

प्रकरण संपवायचे रस्ते

तपासात काही निघालं नसेल तर पोलीस कोर्टाकडं समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवतात. बी समरी म्हणजे तक्रार खोटी होती, सी समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झाली होती. पण दंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर केल्याचा आदेश होईपर्यंत काही संपलेलं नसतं. "सायबांनी फायनल पाठवलीय" एवढ्यावर थांबू नका, आदेशाची प्रत काढा.

323, 504 असली कलमं तडजोडीची आहेत. फिर्यादी तयार असेल तर त्याच कोर्टात किंवा राष्ट्रीय लोक अदालतीत प्रकरण मिटतं, आणि अशा तडजोडीचा परिणाम कायद्यानं निर्दोष सुटल्यासारखाच असतो.

324 किंवा 353 (सरकारी नोकराला कामात अडवण्यासाठी केलेला हल्ला) मात्र तडजोडीच्या यादीत नाहीत. त्यासाठी उच्च न्यायालयात, आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 482 खाली व्हायचा, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 528 खाली होतो. वाद आपसातला असेल आणि फिर्यादीनं शपथपत्र दिलं तर उच्च न्यायालय असा गुन्हा रद्द करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली ग्यान सिंग प्रकरणात स्पष्ट केलंय. खून, बलात्कार अशा गुन्ह्यांना हा रस्ता नाही. आमच्या गेवराईच्या मुलाला हाच रस्ता धरावा लागला. त्याचा चुलता स्वतः एसटीनं संभाजीनगरला आला आणि शपथपत्रावर सही करताना म्हणाला, "पोरगं माझंच हाय, रान कुठं जातंय." खंडपीठानं गुन्हा रद्द केला. तोवर ती भरती हातची गेली होती, म्हणून सांगतो, जाहिरात यायची वाट बघू नका.

रास्ता रोको किंवा आंदोलनातले गुन्हे असतील तर शासनानं वेळोवेळी ते मागे घेण्याचे निर्णय काढलेत. मात्र शासन निर्णय निघाला म्हणजे खटला संपला असं होत नाही. सरकारी वकील कोर्टात अर्ज करतो, कोर्ट परवानगी देतं, तेव्हा तो संपतो. आपला गुन्हा यादीत आहे का, ते पाठपुरावा करून बघावंच लागतं.

कबुली देऊन दंड भरण्याआधी थांबा

हे मी कळकळीनं सांगतोय. दिवाळीत पारावर पत्ते खेळताना धरलं, जुगार कायद्याचं 12(अ) लागलं. कोर्टात कोणीतरी सांगतं, कबूल कर, दोन-तीनशे रुपये दंड भर, आजच मोकळा हो. पोरगं पावती खिशात घालून घरी येतं. पण कबुली देऊन दंड भरणं ही दोषसिद्धी आहे. निर्दोष सुटण्याच्या अगदी उलट. पुढं फॉर्ममध्ये "कधी दोषी ठरला आहात का" याचं उत्तर "होय" द्यावं लागतं, आणि कबुलीवरच्या निकालाविरुद्ध अपिलाला जवळजवळ वाव नसतो. असं आधीच झालं असेल तर पुनरीक्षण अर्जाबद्दल (वरच्या कोर्टानं निकाल तपासावा असा अर्ज) वकिलाला विचारा, त्यालाही मुदत असते. अजून झालं नसेल तर एक तारीख जास्त लागू द्या, पण वकिलाला विचारल्याशिवाय कबूल म्हणू नका.

नक्कल काढा आणि पोच घ्या

निकाल लागला की नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत काढायची, एक नको, तीन काढा. जुन्या फायली अभिलेख कक्षात जातात आणि ठरावीक काळानं नष्टही होतात. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्जासोबत द्या आणि "आमच्या नोंदीत निकाल चढवावा" असं स्पष्ट लिहा. दोन्हीकडं शिक्क्याची पोच घ्या. संगणकावर गुन्हा दिसतो आणि निकाल दिसत नाही, म्हणून चारित्र्य पडताळणी अडकते. पोच दाखवली की बोलणं सोपं जातं.

अटकेवेळी बोटांचे ठसे, फोटो घेतले असतील तर 2022 च्या ओळखविषयक कायद्यात तरतूद आहे: आधी शिक्षा झालेली नसेल आणि खटल्याविना सुटलात, दोषमुक्त झालात (म्हणजे आरोप ठेवण्याआधीच कोर्टानं सोडलं) किंवा अपिलासकट सगळं संपून निर्दोष ठरलात, तर कोर्टानं वेगळा आदेश दिलेला नसल्यास हे नमुने नष्ट करायचे असतात. तसा लेखी अर्ज करा.

गुन्ह्याच्या वेळी वय अठराच्या आत होतं, तर गोष्टच निराळी. बाल न्याय कायद्याच्या कलम 24 नुसार त्यातली दोषसिद्धीसुद्धा सहसा अपात्रता ठरत नाही. वयाचा पुरावा आणि बाल न्याय मंडळाचा आदेश जपून ठेवा.

फॉर्म भरताना

प्रश्न दोनदा वाचा. "गुन्हा प्रलंबित आहे का", "कधी अटक झाली होती का" आणि "दोषी ठरलात का" हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जे विचारलंय त्याचं पूर्ण आणि खरं उत्तर द्या. 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की माहिती खरी दिली तरी नेमायचं की नाही हे ठरवायचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडं राहतो, पण तरुण वयातल्या किरकोळ प्रकरणाकडं त्यानं समजून बघावं. निर्दोष सुटूनही पोलीस भरतीत निवड नाकारली जाऊ शकते, विशेषतः संशयाचा फायदा देऊन सोडलं असेल तेव्हा, म्हणून निकालपत्रातला शेवटचा परिच्छेद स्वतः वाचून ठेवा. लपवलेलं मात्र रुजू झाल्यानंतरही उघड होतं, आणि तेव्हा लागलेली नोकरी जाते.

गेवराईच्या मुलानं पुढच्या भरतीत त्या रकान्यात असं लिहिलं: "होय. अटक झाली होती. पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, कलमे खालीलप्रमाणे. सदर गुन्हा मा. उच्च न्यायालय, खंडपीठ छत्रपती संभाजीनगर यांनी रद्द केला आहे. आदेशाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे." तेवढंच, जास्तीचा एक शब्द नाही. प्रत टाचणीनं लावली आणि फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवली.