कॉलऱ्यात जुलाब थांबवत बसू नका: या चुका टाळा

कॉलऱ्याचा रोगी दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. आजार तीव्र असेल तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत हाताबाहेर जातो तो असा. म्हणून घरच्यांनी पहिल्या तासात काय केलं, याला फार किंमत आहे.

सर्वांत घातक चूक म्हणजे ‘पोटात काही टिकत नाहीये, तर काही देऊच नका’ असं म्हणून पाणी तोडणं. कॉलऱ्याचे जंतू लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून एक विष सोडतात. शास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांनी ते १९५९ मध्ये कोलकात्यात प्रयोगाने दाखवून दिलं. या विषामुळे आतडं पाणी आणि क्षार बाहेर ओतत राहतं. पण मीठ आणि ग्लुकोज बरोबरीने शोषून घेण्याची आतड्याची वाट शाबूत असते, आणि त्यांच्यामागून पाणीही आत येतं. ओआरएस, म्हणजे पाकिटातली क्षार-ग्लुकोजची पूड विरघळवलेलं पाणी, काम करतं ते याच वाटेने. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांना ते रोग्यांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

हेच औषध चुकीचं कालवलं तर मात्र घात होतो. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ओतलं की द्रावण फार तीव्र होतं आणि फायद्याऐवजी अपाय करतं. फार पातळ केलं तर क्षार पुरत नाहीत. अर्धं पाकीट आत्ता, अर्धं नंतर असं करू नका. पाकिटावर लिहिलेल्या मापाचं स्वच्छ पाणी घ्या, सगळी पूड एकदम विरघळवा आणि मग ते उकळू नका. २४ तासांनंतर उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. बाटलीतली गोड पेयं मात्र नकोत, जास्तीची साखर जुलाब वाढवते.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना पिववेल तितकं. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवा.

जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या देऊ नका. पाणी आतड्यात येतच राहतं, फक्त आपल्याला दिसत नाही. प्रतिजैविकं डॉक्टरांनी ठरवावीत. तीव्र आजारात ती जुलाबाचा काळ कमी करतात, पण पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना जस्ताच्या (झिंकच्या) गोळ्यांचा खरा उपयोग होतो.

डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसू लागली, लघवी बंद झाली, गुंगी आली किंवा पिणंच जमेना, तर घरी वाट बघू नका. अशा वेळी दवाखान्यात शिरेतून रिंगर लॅक्टेट हे सलाइन लागतं: वजनाच्या दर किलोला १०० मिलिलिटर, मोठ्यांना ३ तासांत. वेळेवर उपचार मिळाले तर शंभरात एकाहून कमी माणसं दगावतात. तीव्र आजारात उपचारच झाले नाहीत तर निम्मीही वाचतील याची खात्री नाही.

आता पसरण्याचं. जंतू रोग्याच्या शौचातून पाण्यात आणि अन्नात जातात आणि तिथून दुसऱ्याच्या तोंडात. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती कॉलऱ्याचे मृत्यू दाटले आहेत, हे डॉ. जॉन स्नो यांनी दाखवलं. जंतू कोणता, हे त्यांना ठाऊक नसतानाही पंपाचा दांडा काढायला लावता आला. आज आपण पाणी उकळतो आणि नंतर त्याच भांड्यात हात घालून पेला बुडवतो. सगळी मेहनत तिथेच वाया जाते. अरुंद तोंडाचं झाकणाचं भांडं किंवा नळ असलेली टाकी घ्या. गढूळ पाण्यात थेट क्लोरीन टाकू नका, गाळ त्याचा जोर मारतो. आधी निवळा, गाळा, मग क्लोरीन टाकून निदान अर्धा तास थांबा.

तोंडावाटे द्यायच्या लशीने साथ आवरायला मोठा हातभार लागतो, पण लस घेतली म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. संसर्ग झालेल्या बऱ्याच जणांना काहीच लक्षणं नसतात, तरी त्यांच्या शौचातून १ ते १० दिवस जंतू बाहेर पडत राहतात. त्यामुळे आजारी माणूस उठून हिंडू लागल्यावरही संडास धुणं, त्याचे कपडे वेगळे उकळणं आणि शौचानंतर व स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणं आणखी दहा दिवस घरातल्या सगळ्यांनी सोडू नये.