नाव आपोआप कटत नाही

इथे कॅलिफोर्नियात दर ऑगस्टमध्ये मला एक-दोन फोन येतातच. "ताई, कम्युनिटी कॉलेजात नाव घातलंय, सोमवारपासून वर्ग. काय काय लागेल?" कम्युनिटी कॉलेज म्हणजे इथलं दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज. वह्या-पेनं कुठलीही चालतात. लागते ती तारखांची यादी. कुठल्या तारखेपर्यंत विषय सोडला तर पैसे परत, कुठल्या तारखेपर्यंत गुणपत्रिकेवर काहीच उमटत नाही आणि कुठल्या तारखेपर्यंत नुसता 'डब्ल्यू', म्हणजे 'विषय सोडला' असा शेरा, येतो. या तीन तारखा आज रात्रीच फ्रिजवर चिकटवा.

कारण सांगते. मी सांगलीहून बी.कॉम. करून एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून मिळणाऱ्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात आले आणि हौसेने तीन विषय घेतले. त्यातला स्टॅटिस्टिक्स झेपेना. तिसऱ्या आठवड्यानंतर जाणंच बंद केलं. आपल्याकडे हजेरी कमी पडली की नोटीस लागते, सर बोलावून घेतात, घरी पत्र जातं. इथे कुणी हाक मारली नाही. मला वाटलं, नाव कटलं असेल. डिसेंबरमध्ये निकाल उघडला तर समोर 'एफ', म्हणजे नापास! फीसुद्धा गेली. वेबसाइटवरचं 'ड्रॉप'चं बटण दाबायला अर्धा मिनिट लागलं असतं. पुढे तोच विषय पुन्हा घेऊन 'बी' मिळवला, सरासरी सावरली, पण तो 'एफ' गुणपत्रिकेवर अजून आहे. पहिल्या दिवशी आलाच नाहीत तर शिक्षक तुमचं नाव काढून जागा दुसऱ्याला देऊ शकतात. मात्र चार दिवस बसून गायब झालात तर काढतीलच असं नाही. इथली माणसं गोड हसतात, "नो वरीज" म्हणतात, पण तारीख उलटली की कॉम्प्युटरला तुमची दया येत नाही.

एफ-वनवाल्यांनी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी, मात्र ते बटण दाबण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसात विचारायचं. युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप. सत्राला 12 युनिटांच्या खाली गेलात तर प्रश्न मार्कांचा राहत नाही, व्हिसाचा होतो.

पैशाचं थोडक्यात. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला 46 डॉलर, बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचे कागद दाखवले तर एच-फोरवालीलाही रहिवाशाचा दर मिळतो. ते कागद कुणी मागायला येणार नाही, आपणच नेऊन द्यायचे.

हवा तो वर्ग भरलेला दिसला तरी घरी बसू नका. वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या तासाला जाऊन मागे उभे राहा. माझ्या अकाउंटिंगच्या वर्गात पहिल्या दिवशी आम्ही सात जण भिंतीला टेकून उभे होतो. बाईंनी हजेरी घेतली, न आलेल्यांच्या नावावर काट मारली आणि पाच जणांना चिठोऱ्यावर अॅड कोड, म्हणजे भरलेल्या वर्गात नाव घालायचा आकडा, लिहून दिले. दोघं आधीच कंटाळून निघून गेले होते.

आता नाजूक विषय. आपण सगळ्यांनी जर्नल उतरवलेली आहेत. एकाने लिहायचं, सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या बॅचने छापायचं, त्यात कुणाला पाप वाटत नाही. इथे ते करू नका. मैत्रिणीला 'नुसतं बघायला' असाइनमेंट दिलीत तरी देणारी आणि घेणारी दोघी अडकतात. आणि आपल्याच मुली मागतात, हेही सांगून ठेवते. "अगं, आपल्यात काय!" म्हणतील. सरळ नाही म्हणा. अडलंच तर ऑफिस अवर्सना, म्हणजे सर शंकांसाठी ऑफिसात बसतात त्या वेळेला, जा. मी दीड महिना दाराबाहेरून परत फिरत होते, सरांना त्रास नको म्हणून. एकदा धीर करून आत गेले तर ते एकटेच गाजर खात बसले होते. म्हणाले, "बरं झालं, कुणीतरी आलं!"

मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, "कुठल्या युनिव्हर्सिटीत?" तर आवाज खाली आणायचं कारण नाही. नाक मुरडणारे तेच लोक स्वतःच्या अकरावीतल्या पोराला उन्हाळ्यात त्याच कॉलेजात कॅल्क्युलसला बसवतात.

पुढे युनिव्हर्सिटीत जायचं असेल तर कुठला विषय कुठे धरतात ते 'असिस्ट'च्या संकेतस्थळावर स्वतः बघा, मैत्रिणीच्या यादीवर विसंबू नका. दोघींची युनिव्हर्सिटी एकच असली तरी मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, वेगळा असला की यादी बदलते. विषय निवडायला मदत करणाऱ्या कॉलेजातल्या काउन्सेलरची वेळ आत्ताच घ्या. पुस्तक लगेच विकत घेऊ नका. लायब्ररीच्या काउंटरवर बऱ्याच पुस्तकांची एक प्रत दोन तासांसाठी मिळते.

आणि पहिले दोन आठवडे पार्किंग मिळत नाही. दहाचा तास असेल तर सव्वानऊला पोचा, डबा गाडीत खा.