खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीतला लाइव्ह रॉक : या चुका टाळा

राजेहो, आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे पक्का खारपाणपट्टा. त्यामुळं घरात समुद्री माशांची टाकी लावतो म्हटल्यावर बाबांचा पहिला सल्ला होता, "पानी काहून इकत घेतं बे, आपल्या बोरचं टाक ना, खारंच हाय ते." ऐकायला गंमत वाटते, पण नंतर हेच मला दोघातिघांनी अगदी सिरियसली विचारलं, म्हणून इथूनच सुरू करतो. पूर्णा नदीकाठचं पाणी आपल्या जिभेला खारं लागतं हे खरं, पण समुद्रात लिटरमागं 35 ग्रॅमच्या आसपास क्षार असतात आणि त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं आपापल्या मापात असतं, आपलं बोर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. किराणा दुकानातलं मीठही नको, ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. मरीन सॉल्टच, म्हणजे समुद्री टाकीसाठी मिळणारं तयार मीठच घ्यायचं आणि आरओच्या पाण्यात कालवायचं. गावातल्या प्लांटची कॅन आणली तरी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो तो) बुडवून पाहा, पिण्याचं पाणी म्हणून ते चांगलं असेल पण आपल्याला आकडा शून्याजवळ पायजे.

आता गोट्याकडं येतो. लाइव्ह रॉक म्हणजे जुन्या प्रवाळाचा भोकाभोकाचा सांगाडा, आणि त्या भोकांत राहणारे बॅक्टेरिया म्हणजेच तुमचा फिल्टर. माशाची घाण आणि उरलेलं खाणं सडून अमोनिया होतो, गोट्याच्या वरच्या थरातले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि आत खोल जिथं ऑक्सिजन पोचत नाही तिथले बॅक्टेरिया थोडंफार नायट्रेट मोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात. हे सगळं पाणी फिरत असलं तरच.

मालवणला फिरायला गेलं की किनाऱ्यावरून एक गोटा उचलून आणू, हा विचार डोक्यातून काढून टाका. प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे कायद्याच्या कागदावर वाघाच्या शेजारी. कोणी चोरून आणलेला विकत असेल तर तोही नको. माणसानं बनवलेला कोरडा सच्छिद्र रॉक मिळतो, तो घ्या आणि घरीच जिवंत करा. एक जण म्हणे वणीकडचा चुनखडक टाकतो, तोही समुद्रातच तयार झाला ना. झाला, शंभर कोटी वर्षांपूर्वी, पण आता तो इतका घट्ट आहे की बॅक्टेरियाला फक्त वरवर जागा मिळते, पोटात काहीच नाही. आपला काळा दगड तर त्याहून ठस.

दुसऱ्या कोणाच्या चालू टाकीतला जिवंत रॉक मागवला तरी एक भानगड आहेच. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत दोन दिवस उन्हात तापत आलेला रॉक अर्धा मेलेला असतो, आणि त्याच्यावरचं मेलेलं सगळं टाकीत सडतं. वास घेऊन पाहा. समुद्रासारखा ओला वास आला तर ठीक, सडक्या अंड्याचा आला तर सरळ टबात. टबात मिठाचं पाणी, एक पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप), अंधार, आणि दर आठवड्याला पाणी बदल, वास जाईपर्यंत. कोरड्या रॉकलाही टाकीत चार ते सहा आठवडे द्यायचे, चिमूटभर माशाचं खाणं टाकत राहायचं, आधी अमोनिया चढतो मग नायट्राइट चढतं आणि दोन्ही शून्यावर आले की मगच मासा. मी तिसऱ्या आठवड्यात क्लाउनफिश सोडला होता. काच तपकिरी झाली म्हणून मला वाटलं टाकी तयार झाली, ती तर डायटमची शेवाळ, नव्या टाकीत सगळ्यांकडंच येते. मासा चार दिवस टिकला. गोड्या पाण्यातले गप्पी मासे असल्या अमोनियातही जगून जातात, पण समुद्री टाकीचा पीएच 8 च्या वर असतो आणि तिथं तेवढाच अमोनिया जास्त विषारी पडतो.

किती रॉक लागतो? लिटरमागं साधारण 120 ग्रॅम असा जुना हिशोब आहे, म्हणजे 60 लिटरला 7 किलो, रॉक हलका आणि जास्त भोकाचा असला तर कमीतही भागतं. पण रचण्यात लोक चुकतात, आणि मीही चुकलो होतो, मागच्या काचेला चिटकवून बांध घातल्यासारखी भिंतच उभी केली. मागं पाणी फिरेना, घाण साचली, नायट्रेट काही केल्या उतरेना. आता दोन कमानी, मागं चार बोटं जागा, आणि खालचे गोटे रेतीवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर, कारण रेती उकरणारा मासा असला तर सगळी रचना कोसळते. आठवड्यातून एकदा रबरी पिचकारीनं गोट्यावरची धूळ उडवतो आणि 5 लिटर पाणी बदलतो. गोटा धुवायची वेळ आलीच तर त्या काढलेल्या पाण्यातच खळबळा, नळाखाली धरला की महिन्याची मेहनत मोरीत.

पण आपल्याकडं खरे वैरी आहेत ऊन आणि घडीघडी जाणारी लाइट. मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या वर जातो आणि टाकीला 25-26 अंश पायजे. पाण्यावर छोटा फॅन लावला की दोन-तीन अंश सहज उतरतं, आपली कोरडी हवा इथं कामी येते, फक्त त्याच खोलीत दारं बंद करून कूलर चालवू नका, दमट हवेत पाणी उडत नाही आणि फॅनचा उपयोग संपतो. पण फॅननं पाणी उडतं तेव्हा मीठ मागंच राहतं. 60 लिटरच्या टाकीत रॉक आणि रेती धरून खरं पाणी 50 लिटर, त्यातलं 5 लिटर उडालं की लिटरमागं 35 ग्रॅमचं माप 39 च्या जवळ जातं. म्हणून रोज सकाळी काचेवरच्या खुणेपर्यंत साधं आरओचं पाणी घालायचं, मिठाचं नाही. ही चूक मी इतक्या लोकांची पाहिली आहे की बस.

लाइट गेली की पॉवरहेड बंद, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी. मासे वर येऊन तोंड मारतात ते दिसतं, गोट्यातले बॅक्टेरिया गुदमरतात ते दिसत नाही. मागच्या उन्हाळ्यात रात्री वादळात तार तुटली, लाइट सकाळी आली, आणि दोन दिवसांनी अमोनिया चढला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता यूएसबीवर चालणारा एअर पंप पॉवरबँकला जोडून ठेवला आहे. इन्व्हर्टर असेल तर पॉवरहेड त्यावर घ्या, पाच-सात वॅटचं काम आहे, टाकीचा दिवा राहू द्या बंद.

रॉकवर केसाळ किडे दिसले तर घाबरू नका, ब्रिसलवर्म सफाई करतात, फक्त हात लावू नका, काटे रुततात. आयप्टेशिया नावाची छोटी समुद्री अॅनिमोनी (गोट्याला चिटकून राहणारा प्राणी) मात्र वाईट, दिसायला फुलासारखी, कापली की एका तुकड्याची दहा होतात.

आणि माशावर पांढरे ठिपके आले म्हणून कॉपरचं औषध टाकीत ओतू नका, माशाला वेगळ्या बादलीत काढून द्या. कॉपर रॉक शोषून घेतो आणि नंतर हळूहळू सोडत राहतो, त्याच्यात झिंगा, गोगलगाय काही टिकत नाही. माझा असा एक गोटा आहे, चांगला दीड किलोचा. दुपारच्या झळ्यांनी मागचं दार आपटू नये म्हणून आई तो दाराला लावते.